परकोटाच्या आतल्या मोकळ्या जागा

चंद्रपूरच्या इतिहासाविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक दरवाजांपासून सुरू होते. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. मग पाच खिडक्या : चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. आमच्या शाळेतल्या मुलांना ही नावे तोंडपाठ असतात, कारण सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत ती हमखास विचारली जातात. दरवाजे मोजता येतात, त्यांचे फोटो निघतात. परंतु या दरवाजांच्या आत जी मोकळी जागा होती, जिच्यासाठी एवढी भिंत बांधली गेली, ती कोणी मोजत नाही. तलाव, मैदाने, जत्रेची जागा, बागा, कब्रस्ताने, भिंतीच्या पायथ्याची पट्टी या साऱ्यांनाही इतिहास आहे. तो कागदावर थोडा आणि जमिनीवर अधिक लिहिलेला आहे. या लेखात तोच वाचण्याचा प्रयत्न आहे.

परकोटाची कथा चांद्यात सर्वांना ठाऊक आहे. राजा खांडक्या बल्लाळशाह त्वचेच्या व्याधीने त्रस्त होता. झरपट नदीकाठच्या एका कुंडाच्या पाण्याने त्याला आराम पडला. तिथेच पुढे त्याने एक विचित्र दृश्य पाहिले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा शिकारी कुत्र्याचा पाठलाग करीत होता. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोटाची आखणी झाली. हा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा मानला जातो. भिंत पुरी व्हायला मात्र अनेक पिढ्या लागल्या आणि तिचे श्रेय धुंड्या रामशाहच्या कारकिर्दीला दिले जाते. सशाची कथा खरी माना किंवा मानू नका, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कोटाची रेघ घरांच्या कडेकडेने ओढलेली नाही. घरे थोडी होती आणि रेघ फार मोठी होती.

याला कागदोपत्री आधारही आहे. मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला. त्याच सुमाराच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये चांदा शहराचे जे वर्णन आहे त्यात परकोटाच्या आत सुटी सुटी खेडी आणि पिकाखालची शेते असल्याची नोंद सापडते. म्हणजे भिंतीच्या आत वस्ती कमी आणि माती जास्त. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अठरा हजारांच्या आतच होती. २०११ मध्ये ती तीन लाख वीस हजारांवर गेली. अर्थात यातली पुष्कळशी वाढ परकोटाबाहेर झाली, तुकूमकडे, बाबूपेठकडे, दुर्गापूर रस्त्याला. तरीही भिंतीच्या आत जी शेते होती त्यांचे आज काय झाले, हे विचारायला इतिहासतज्ज्ञ असण्याची गरज नाही. जटपुरा गेट ते गांधी चौक या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता एकदा चालून पाहावे.

राजाने एवढी जागा आत का घेतली असावी? वेढा पडला तर आत पाणी हवे, धान्य हवे, जनावरांना चारा हवा. लष्करी हिशेबाने मोकळी जागा ही कोठारासारखीच असते. चांद्याच्या गोंड राजांना शेजारी काही मवाळ लाभले नव्हते. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत चांद्याच्या राजाची आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद घेतली आहे. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येते. म्हणजे आग्ऱ्याच्या दरबाराची नजर या जंगलापर्यंत पोहोचलेली होती. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यावर चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेले आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा या भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. भिंत पडली नाही असे नाही, पण आजही ती बऱ्याच ठिकाणी उभी आहे. आतली जागा मात्र तोफांशिवायच गेली.

थोडे शब्दांविषयी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे शब्दांकडे पाहण्याची खोड लागली आहे. मराठीत मोकळ्या जागेसाठी जे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, त्यातले कितीतरी फारसी-अरबीतून आलेले आहेत. बाग, बगीचा, मैदान, हौद. बाजारपेठेसाठी गंज. चांद्याच्या भाजीबाजाराचा भाग आजही गंज वॉर्ड म्हणूनच ओळखला जातो. परकोटाचे बुरूज अरबी, दरवाजे फारसी आणि खिडकी तेवढी इथली. गंमत अशी की शब्द आले तरी बादशाही बाग चांद्याला आली नाही. चार भागांत विभागलेली, मधून पाण्याचे पाट वाहणारी चारबाग औरंगाबादला झाली, बुऱ्हाणपूरला झाली. गोंड राजांनी बागेपेक्षा तलावाला जास्त मान दिला. याच गोंड परंपरेतल्या देवगडच्या शाखेतला बख्त बुलंद शाह मुसलमान झाला आणि त्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याच्या नावावरही जमा आहे तो तलावच. त्याला लोक जुमा तलाव म्हणत, पुढे शुक्रवारी म्हणू लागले आणि आता तो गांधीसागर आहे. धर्म वेगळा झाला तरी शहराला आधी पाणी द्यायचे ही गोंडी समज तशीच राहिली, असे मला वाटते.

चांद्याच्या परकोटात असे अनेक तलाव होते. रामाळा सर्वांत मोठा. त्याशिवाय घुटकाळा, गौरी, कोनेरी. रामाळ्याचे पाणी नळांनी शहरात खेळवले होते. आज यातला रामाळा तेवढा पाण्याने ओळखला जातो. बाकीचे नावाने उरले आहेत.

घुटकाळा हे नाव आमच्या वाचकांपैकी चंद्रपूरकरांना सांगायला नको. मुस्लिम वस्तीचा हा दाट मोहल्ला. एका वर्षी सातवीच्या वर्गात मी मुलींना सांगितले की आपापल्या भागाच्या नावाचा अर्थ घरी विचारून या. घुटकाळ्याच्या मुलीने दुसऱ्या दिवशी सांगितले की तिच्या दादीच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तलाव होता. वर्ग हसला. दुसरी एक मुलगी म्हणाली, "बाजी, तलाव था तो पानी किधर गया?" हा प्रश्न तिने सहज विचारला, पण शहराच्या इतिहासाचा खरा प्रश्न तोच आहे. पाणी कुठे जाते?

तलाव एका दिवसात मरत नाही. आधी त्याचे काम जाते. शहरात नळयोजना येते, दुसरीकडून पाणी मिळू लागते आणि तलावाकडे घागर घेऊन कोणी जाईनासे होते. मग त्याला मिळणारे नाले अडतात किंवा त्यांतून सांडपाणी येऊ लागते. गाळ कोणी काढत नाही. काठावर आधी गुरे बसतात, मग टपरी, मग झोपडी. उन्हाळ्यात पात्र उघडे पडते तेव्हा त्यावर मातीचे ट्रक रिकामे होतात. सरकारी कागदावर तो बराच काळ तलाव असतो, जमिनीवर तो वॉर्ड झालेला असतो. यात वाईट हेतू नेहमीच असतो असे नाही. ज्यांनी तिथे घरे बांधली त्यांना दुसरीकडे जागा परवडणारी नव्हती. त्यांच्यावर दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण नगरपालिका १८६७ पासून अस्तित्वात होती, ती काही झोपडीवाल्यांनी चालवलेली नव्हती.

कोनेरीचे नशीब त्यातल्या त्यात बरे. त्याचे मैदान झाले. बोलता बोलता लोकांनी त्याला कोहिनूर करून टाकले. कोनेरीचा कोहिनूर होणे ही चंद्रपुरी जिभेची करामत असावी. निदान तिथे मुले खेळतात, सभा होतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एक जागा टिकते आणि दुसरी जाते, असे का होते? चांद्याच्या नकाशाकडे बघून माझे असे मत झाले आहे की कुंपणाने जागा राखली जात नाही, तिथीने राखली जाते. ज्या मोकळ्या जागेवर वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी हजारो माणसे हक्काने येऊन बसतात, ती जागा सहसा कोणी गिळू शकत नाही. ज्या जागेला तिथी नाही, ती हळूहळू कोणाची तरी होते.

पहिले उदाहरण महाकालीचे. अंचलेश्वर दरवाजाच्या बाहेर, झरपटच्या काठी महाकालीचे मंदिर आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते. नांदेड, परभणीपासून आणि तेलंगणातून भाविक येतात. पूर्वी ती मोठी व्यापारी जत्राही होती आणि चांद्याच्या कापडाला, रेशीमकाठी वस्त्रांना, कलाकुसरीच्या जोड्यांना तिथे गिऱ्हाईक मिळे. जुन्या बाजारपेठेचे शहर म्हणून चांद्याची जी ओळख होती तिचा मोठा वाटा या मैदानाचा. राणी हिराईने मंदिराचे बांधकाम नव्याने करवले असे सांगतात. याच राणीने आपला पती बिरशाह याची भव्य समाधी अंचलेश्वरजवळ उभारली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली समाधी म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो, पण त्या समाधीभोवती जे आवार राखले गेले त्याचा उल्लेख होत नाही. शहराच्या पूर्व टोकाला आज जो थोडाफार मोकळा श्वास आहे तो या राणीच्या पुण्याईचा. यात्रेच्या दिवसांत तिथे बायका रात्रभर उघड्यावर असतात, स्वयंपाक करतात, झोपतात, गातात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. वर्षाच्या इतर रात्री त्याच रस्त्याने एकटी बाई आठनंतर चालली तर लोक वळून पाहतात. तिथी जागेलाच नव्हे, माणसालाही मोकळीक देते.

दुसरे उदाहरण अधिक विलक्षण आहे, कारण ती जागा म्हणजे कारागृह. चंद्रपूरचे जिल्हा कारागृह जुन्या शहरात आहे. याच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे. मोहरमच्या दिवसांत कारागृहाचा दरवाजा दर्शनासाठी लोकांना उघडला जातो. त्या दिवसांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, गोंड सारे रांगेत असतात, कडेवर मुले घेतलेल्या बायकांची रांग सर्वांत लांब असते. याच आवारात पिंपळाखाली २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. त्यांच्या स्मृतिदिनी आदिवासी बांधव तिथे अभिवादनाला येतात. एका बंद भिंतीच्या आतल्या अंगणावर दोन समाजांचा दोन वेगवेगळ्या तारखांनी हक्क आहे, एकाचा चांद्रवर्षाप्रमाणे फिरता आणि दुसऱ्याचा इंग्रजी तारखेप्रमाणे स्थिर. तुरुंगाच्या अंगणाला मोकळी जागा म्हणावे का, असे कोणी विचारेल. मी म्हणेन, ज्या दिवशी दरवाजा उघडतो त्या दिवशी ती शहरातली सर्वांत मोकळी जागा असते. तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही, फक्त मोबाईल बाहेर ठेवायला सांगतात.

तिसरे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चांद्याला येऊन हजारो-लाखोंना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. नागपूरखेरीज बाबासाहेबांच्या हस्ते असा सोहळा झाला तो चांद्यालाच. एवढी माणसे बसतील असे छप्पर जिल्ह्यात कुठेही नव्हते. मैदान होते म्हणून हे घडले. गावोगावच्या विहिरी-पाणवठ्यांवर ज्यांना मज्जाव होता, त्यांनी शहराच्या उघड्या मैदानात उभे राहून आपला धर्म बदलला. आज ती दीक्षाभूमी आहे, तिथे महाविद्यालय आहे आणि दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला तिथे पाय ठेवायला जागा नसते. हे मैदान कोणी बळकावू शकेल का? शक्यच नाही. तिथी आहे.

आता घुटकाळा, गौरी यांच्याकडे पाहा. पाणी भरणे, कपडे धुणे, जनावरे पाजणे ही रोजची कामे होती. रोजच्या कामाला तिथी नसते आणि ते काम थांबले तेव्हा त्याची तक्रार करायलाही कोणी आले नाही. रामाळा टिकला, त्यात त्याच्या आकाराचा भाग आहेच, पण अनेक वर्षे शहराचे गणपती विसर्जन तिथे होत आले हेही कारण आहे. ज्या तिथीने त्याला वाचवले तिनेच त्याला प्लास्टर आणि रंगही पाजले. हा विरोधाभास मान्य केला पाहिजे. माझे तिथीचे सूत्र सगळीकडे लागू पडते असा माझा दावा नाही.

इंग्रजांच्या काळाविषयी थोडक्यात. त्यांनी परकोटाच्या आत काही हिरवे केले नाही. ते जटपुरा दरवाजाबाहेर उत्तरेला सिव्हिल लाइन्स करून राहिले आणि तिथे क्लब काढला. चांदा क्लबचे मैदान त्या काळी साहेबांसाठी होते, आता तिथे प्रदर्शने आणि सभा होतात. आतल्या शहराला गोल बाजार आणि टिळक मैदान मिळाले. बाजाराभोवतीची जागा बाजारानेच भरून टाकली.

स्वातंत्र्यानंतरच्या बागांपैकी लोकांच्या सर्वांत ओठावर असलेली म्हणजे आझाद बगीचा, मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा. मौलानांचे आणि बागेचे नाते आमच्या उर्दू वाचकांना ठाऊक आहे. १९४२ मध्ये त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध केले गेले. तिथल्या ओसाड आवारात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फुलझाडे लावली. त्याविषयी आणि खोलीत येणाऱ्या चिमण्यांविषयी त्यांनी 'गुबार-ए-खातिर' मध्ये फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. तुरुंगात बाग फुलवणाऱ्या माणसाचे नाव एका शहराच्या बागेला मिळावे हे उचितच झाले. सकाळी फिरणारे, दुपारी परीक्षेचा अभ्यास करणारे आणि संध्याकाळी आईसोबत आलेली मुले, असा त्या बागेचा दिनक्रम. बुरखा घातलेल्या बायका बाकावर निवांत बसलेल्या दिसतात, अशी जागा आमच्या शहरात फार नाहीत.

उर्दू शाळेत एक निबंध वर्षानुवर्षे चालत आला आहे, 'बाग की सैर'. मुली त्यात सरूची झाडे लिहितात, नर्गिस लिहितात, बुलबुल गात असल्याचे लिहितात. यातले एकही झाड त्यांनी पाहिलेले नसते. मी एकदा म्हटले, चांद्यात जे दिसते ते लिहा. मग मोह आला, पळस आला, उंबर आला, एकीने ताडोबाचा वाघही बागेत आणून बसवला. तो निबंध मी जपून ठेवला आहे. या जिल्ह्यात जंगलाला तोटा नाही, पण जंगल म्हणजे मोकळी जागा नव्हे. वीज केंद्राच्या परिसरापर्यंत वाघ-बिबट्या येतात आणि २०२२ मध्ये तिथे व दुर्गापुरात माणसे मारली गेली. बाहेर जंगल आणि खाणी, आत दाटी आणि हवेत कोळसा. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते. अशा शहरात बाग ही चैन नाही.

परकोटाच्या पायथ्याची पट्टी हा वेगळा विषय आहे. परकोट हे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. कागदावर यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या जागेचा एक लांबच लांब पट्टा असायला हवा. प्रत्यक्षात भिंतीला टेकून पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. गरीब माणसाला एक भिंत फुकट मिळते म्हणून तो कोटाला टेकतो, हे जगातल्या प्रत्येक कोट असलेल्या शहरात झाले आहे. कायद्यामुळे या घरांना दुरुस्ती करणे अवघड होते आणि घर सोडायचे तर जायला जागा नसते. त्यांचा प्रश्न न सोडवता वारशाच्या गप्पा मारणे मला पटत नाही. पण एक गोष्ट चांगली घडली. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखाली परकोटाची सफाई हाती घेतली. झुडपे तोडली, कचरा उपसला, बुरूज मोकळे केले. शेकडो दिवस हे श्रमदान चालले आणि त्याच वर्षी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील कार्यक्रमातही त्याचा उल्लेख झाला. भिंतीवरून चालत जाता येते हे त्यामुळे आमच्या पिढीला प्रथमच कळले. मुलांना बुरुजावर नेले तेव्हा त्यांना शहर वरून दिसले आणि पहिला शेरा आला, "इतनी सारी छतें!"

आत जागा संपली की माणसे बाहेर पडतात, आणि बाहेर जिथे जमीन स्वस्त तिथे जातात. बिनबा दरवाजाबाहेर इरई नदीच्या बाजूला रहमतनगर वसले ते असेच. ही जमीन मोकळी होती खरी, पण ती नदीची मोकळी जागा होती. नदीलाही पसरायला मैदान लागते. २००६, २०१३ आणि २०२२ च्या पावसाळ्यात इरईने ती परत मागितली. धरणाचे दरवाजे उघडले की रहमतनगरात पाणी शिरते, पठाणपुरा दरवाजाबाहेरचा रस्ता बंद होतो आणि माणसे आपली भांडीकुंडी व मुलांची दप्तरे घेऊन परकोटाच्या आत शाळांत आश्रयाला येतात. माझ्या वर्गातल्या काही मुलींची पुस्तके अशीच गेली. निळी पूररेषा नकाशावर असते, प्लॉट विकणाऱ्याने ती कधी दाखवलेली नसते. घुटकाळ्यात तलावावर वस्ती आणि रहमतनगरात नदीपात्राच्या काठावर वस्ती, दोन्ही ठिकाणी रहिवासी बहुतांश आपल्याच समाजाचे, हा योगायोग नाही. ज्याच्या खिशात कमी असते त्याच्या वाट्याला पाण्याची जमीन येते.

नव्या अभिन्यासात दहा टक्के जागा खुली सोडावी असा नियम आहे. तिला सर्वजण 'ओपन स्पेस' म्हणतात. शहराच्या नव्या वसाहतींत ती सापडते, कुठे तिथे झोपाळे आहेत, कुठे पाण्याची टाकी, कुठे रातोरात उभे राहिलेले प्रार्थनास्थळ. परकोटाच्या आतल्या मोहल्ल्यांना हा नियम लागूच होत नाही, कारण तिथे अभिन्यासच नाही, गल्ल्या शेकडो वर्षांच्या आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शाळेला खेळाचे मैदान हवे. दाट वस्तीतल्या जुन्या शाळांनी ते कुठून आणावे? आमच्याकडे मधल्या सुट्टीत मुले पाळीपाळीने अंगणात उतरतात, आधी लहान, मग मोठी. मुलींची पाळी बऱ्याचदा घंटेत विरून जाते. कबड्डीचा संघ निवडायचा तर मुलांना दूरच्या मैदानावर पाठवता येते, मुलींच्या घरून परवानगी येत नाही. मोकळ्या जागेचा तुटवडा घरातही समान वाटला जात नाही, हे आपणच आपल्याला सांगितले पाहिजे. ईदची नमाज उघड्यावर ईदगाहमध्ये अदा करणे ही आपली परंपरा आहे. त्याच ईदगाहची जमीन उरलेले वर्षभर कुलूपबंद असते. तिची पाकी राखूनही तिथे मोहल्ल्यातल्या मुला-मुलींना काही तास सावलीत अभ्यासाला बसू देता येईल का, हा विचार विश्वस्तांनी करून पाहावा.

शेजारच्या गडचिरोलीत एक वेगळी गोष्ट घडली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. त्या गावात कोणते झाड कधी तोडायचे, बांबू कोणाला विकायचा, हे ग्रामसभा बसून ठरवते. काही शेकडा लोकांच्या गावाकडे आपल्या सामाईक जागेचा लेखी हक्क आहे. तीन लाखांच्या चंद्रपूरला रामाळ्याचा गाळ काढून मागण्यासाठी उपोषण करावे लागले.

ते उपोषणही सांगितले पाहिजे. रामाळ्यात वर्षानुवर्षे नाल्याचे सांडपाणी येत होते, जलपर्णीने पाणी झाकले होते, मासे मरत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत बंडू धोतरे यांनी तलावासाठी अन्नत्याग सुरू केला. तो बरेच दिवस चालला. शहरातल्या निरनिराळ्या समाजांची, संघटनांची माणसे तिथे येऊन बसली. शासनाकडून आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटले आणि पुढे तलाव रिकामा करून गाळ उपसायला सुरुवात झाली. मी त्या उन्हाळ्यात काठावर गेले होते. पाण्याखाली कधी दिसली नव्हती अशी काळी, भेगाळलेली जमीन दूरवर पसरली होती आणि त्यावर ट्रकच्या चाकांचे चर पडले होते. काठावर एक वृद्ध गृहस्थ नातवाला सांगत होते की गाळ गेला तर तळाशी जुन्या पायऱ्या दिसतील. नातवाचे लक्ष नव्हते. त्याने त्या कोरड्या पात्रात विटांच्या यष्ट्या उभ्या केल्या होत्या आणि घुटकाळ्याची चार-पाच पोरे जमवून क्रिकेट सुरू केले होते. पाऊस येईपर्यंत तेवढे दिवस चांद्याच्या परकोटात एक मैदान जास्त होते.